गॉगल काळा किती, यापेक्षा झाकतो किती

‘ताई, वय ४१. राहायला साताऱ्यात, नोकरी कोरेगावला, रोज मोटरसायकलने ये-जा. रविवारी पहाटे सायकलवर यवतेश्वरचा घाट आणि दहा वाजता मैदानावर क्रिकेट, सीझन बॉलने. दोन्ही डोळ्यांना मायनस २.२५ नंबर, उजव्याला थोडा सिलिंडर. आजवर रस्त्याकडेला मिळणारा दोनशे रुपयांचा गॉगल वापरला. ऊन असलं की चष्मा खिशात आणि गॉगल डोळ्यांवर, सवय झाली आहे. आता उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला पिवळट काहीतरी उगवलंय आणि संध्याकाळी डोळा लाल होतो. मित्र म्हणतो पोलराइज्डच घे. दुकानदाराने खेळाचा ब्रँडेड गॉगल दाखवला, नऊ हजार. सौ. म्हणतात, असा घ्या की लग्नकार्यातही चालेल. एक घेऊ की दोन?’
एक वाचक, सातारा

नमस्कार. तुमच्या पत्रातल्या पोलराइज्डपर्यंत मी लवकर पोचलेच नाही, त्याआधीच्या एका वाक्यावर अडकले. ‘चष्मा खिशात आणि गॉगल डोळ्यांवर.’ अहो, मायनस सव्वादोन म्हणजे काय, ते एकदा घरी करून बघा. चष्मा काढा, पेपर हातात धरा आणि हळूहळू लांब न्या. साधारण ४४ सेंटिमीटरवर, म्हणजे हात पुरता सरळ व्हायच्या आतच, अक्षरांच्या कडा विरघळायला लागतील. तिथून पुढचं सगळं तुम्हाला कमी-अधिक धुरकटच दिसणार. आणि असे डोळे घेऊन तुम्ही कोरेगाव रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागून गाडी हाणता. त्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिव्याचा पत्ता नाही. सवय वगैरे काही झालेली नाही, रस्ता पाठ झालाय इतकंच. पाठ नसलेला खड्डा ज्या दिवशी येईल त्या दिवशी काय?

तेव्हा एक गोष्ट आधीच ठरली: रस्त्यावरचा तुमचा गॉगल नंबरचाच हवा. यात घासाघीस नाही.

आता ते पिवळट. पत्रावरून निदान करणारी मी कोण, मी चष्मे करते, डॉक्टर नाही. पण काउंटरवर बसून असे डोळे पुष्कळ पाहिलेत. नाकाकडच्या पांढऱ्या भागावर अशी पिवळसर गाठ येते, तिला पिंग्वेक्युला म्हणतात. मांसासारखा पडदा वाढत बुबुळावर चढायला लागला तर तो टेरिजियम. ऊन, वारा आणि धूळ हे तिघं त्याचे सोयरे, त्यामुळे शेतकरी, कोळी, बांधकामावरचे मजूर आणि दुचाकीवर जन्म काढणारे यांच्यात तो जास्त दिसतो. घाबरायचं कारण नाही, पण या महिन्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवून या. औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणून स्वतःच टाकत बसू नका.

हे नाकाच्याच बाजूला का होतं, यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. कानाच्या बाजूने, तिरपं आत शिरलेलं ऊन बुबुळाच्या पारदर्शक घुमटातून वळतं आणि समोरच्या, म्हणजे नाकाकडच्या कडेवर एकवटतं, असं मानलं जातं. भिंगाने कागद जाळायचो ना लहानपणी, त्यातलाच प्रकार. म्हणजे समोरची काच कितीही काळी असली तरी बाजूची फट उघडी असेल तर नेमकं हेच ऊन मोकाट आत येतं. चपटा, छोट्या काचांचा, नाकावरून घसरून खाली आलेला गॉगल चारही बाजूंनी उघडा असतो.

तुमचा रस्ता मी डोळ्यांसमोर आणून पाहिला. कोरेगाव साताऱ्याच्या पूर्वेला. सकाळी जाताना सूर्य तोंडावर आणि संध्याकाळी परत येताना पुन्हा तोंडावरच! दुपारचं ऊन कितीही रणरणतं असो, ते डोक्यावरून येतं. भुवया, टोपी, हेल्मेटची कड आडवी येते. सकाळ-संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यांत घुसतं. आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकला की सकाळी तो तुमच्या उजव्या गालावर. उजव्याच डोळ्यात का झालं, हे यावरून सांगून टाकायचा मोह होतोय, पण आवरते. तेवढं डॉक्टरांसाठी राहू दे.

म्हणून गॉगल हातात घेतलात की किती काळा आहे हे नंतर बघा. आधी तो लावून आरशासमोर मान वळवा आणि बाजूने किती डोळा उघडा राहतो ते पाहा. वरची कड भुवईला लागून हवी, बाजूची काच गालाच्या हाडापाशी यायला हवी. मात्र पापण्या काचेला टेकता कामा नयेत. टेकल्या की घाटात घाम आला की काच धुकटते आणि पापण्यांच्या तेलाचे फराटे उमटतात.

आता काळेपणा. काळा रंग आणि अतिनील किरण अडवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग फक्त दिसणारा उजेड कमी करतो. अतिनील किरण ४०० नॅनोमीटरच्या खालचे, डोळ्यांना न दिसणारे. ते अडवण्याचं काम काचेचा पदार्थ किंवा त्यात मिसळलेलं रसायन करतं. पॉलीकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकची बिनरंगी, पाण्यासारखी काचसुद्धा जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते, आणि काळी कुळकुळीत साधी काच त्यातले बरेच आत सोडू शकते. शिवाय अंधार झाला म्हणून बाहुली मोठी होते, दार आणखी उघडतं. तुमच्या दोनशेच्या गॉगलमध्ये यातलं काय आहे, हे नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही. कदाचित ठीकही असेल.

पण तपासता येतं. नोटा तपासायचा जांभळा दिवा किराणावाल्याकडेही असतो. त्याखाली साधा पांढरा झेरॉक्सचा कागद धरा, निळसर चमकेल. आता दिवा आणि कागद यांच्या मधे गॉगलची काच आणा, आणि तुम्ही स्वतः काचेतून न बघता बाजूने कागदाकडे बघा. काचेच्या सावलीतली चमक विझली तर काच काम करतेय. चमक तशीच राहिली तर तो गॉगल पोरांना नाटकात वापरायला द्या. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत यासाठी छोटं यंत्रही असतं. मागा, लाजू नका.

दुसरी तपासणी त्याहून सोपी. बिननंबरचा गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराच्या चौकटीची उभी कड बघा आणि गॉगल हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. चौकट सापासारखी वळवळली तर ती काच ओतीव, स्वस्तातली. दुपारनंतर डोकं चढतं म्हणून लोक उन्हाला शिव्या देतात, दोष काचेचा असतो. नंबरच्या काचेला मात्र ही परीक्षा लावू नका, ती नंबरामुळे हलणारच.

काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं असतात, ती वाचायची सवय लावा. ५२, चौकोन, १८, मग १४० असं काही दिसेल: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमच्या आताच्या चष्म्यावरचे आकडे मोबाइलमध्ये टिपून न्या, दुकानात निम्मा वेळ वाचतो. त्याच्याच आसपास किंवा पट्टीवर ‘कॅटेगरी’ लिहिलेली असते, ० ते ४. शून्य म्हणजे जवळजवळ पारदर्शक. २ नंबरची काच १८ ते ४३ टक्के उजेड आत सोडते, ३ नंबरची ८ ते १८ टक्के. आपल्याकडच्या उन्हाला ३ पुरते. ४ नंबरची फक्त ३ ते ८ टक्के सोडते. ती बर्फासाठी, उंच डोंगरांसाठी, आणि ती लावून गाडी चालवायची नसते.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. लडाखच्या सहलीसाठी घेतलेला ४ नंबरचा गॉगल, महाग होता म्हणून नंतर मी पुण्यात मिरवत होते. एकदा साताऱ्याहून परतताना तोच लावून भर दुपारी खंबाटकीच्या बोगद्यात शिरले. पुढचे काही क्षण मला पुढच्या ट्रकचा लाल दिवा सोडून काही म्हणजे काही दिसलं नाही. गॉगल वर सरकवायला हात उचलला तर तो हेल्मेटच्या काचेवर आपटला! धंदा चष्म्याचा, आणि अक्कल ही अशी.

त्यावरून आठवलं, तुम्हाला कुणी ना कुणी डे-नाइट काच घ्यायला सांगेलच, उन्हात काळी आणि सावलीत पांढरी होणारी. चालणाऱ्या-फिरणाऱ्या माणसाला ती छान. पण ती काळी होते अतिनील किरणांमुळे, आणि हेल्मेटची पुढची काच बहुधा पॉलीकार्बोनेटची असते, ती हे किरण आधीच अडवते. म्हणजे हेल्मेटच्या आत ती पुरती काळी होणार नाही. मोटारीच्या काचेमागेही तेच. शिवाय कडक उकाड्यात ती थंडीतल्याइतकी गडद होत नाही, आणि आपल्याला गडद हवी असते ती उकाड्यात. तुमच्यासाठी नको.

आता मित्राचं पोलराइज्ड. त्याचं म्हणणं चूक नाही, ‘च’ चूक आहे. रस्ता, पाणी, गाडीचं बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागावरून परतलेल्या उजेडाच्या लहरी बऱ्याचशा आडव्या पातळीत कंप पावतात. पोलराइज्ड काचेतली पातळ फिल्म उभ्या गजांसारखी या आडव्या लहरी अडवते. एडविन लँड या अमेरिकन माणसाने १९२९च्या सुमारास अशी फिल्म बनवायची युक्ती काढली, त्यातूनच पुढे पोलरॉइड कंपनी उभी राहिली. मालवणला होडीतून पाण्यात बघणाऱ्या माणसाला या काचेची खरी किंमत कळते. पृष्ठभागाची झळाळी नाहीशी होते आणि खालचा खडक दिसायला लागतो.

पण ती अतिनील किरण जास्त अडवते असं मुळीच नाही, ते काम वेगळं, वर सांगितलंच. आणि तिचे काही उपद्रव आहेत. पेट्रोल पंपावरचा आकडा, सायकलवरचा छोटा स्क्रीन, मोबाइल, हे ठरावीक कोनात काळे पडतात. मोटारीच्या मागच्या काचेवर इंद्रधनुषी ठिपके दिसतात. आणि तुमच्या दृष्टीने मुख्य म्हणजे, पावसाची सर पडून गेल्यावर घाटात जी चमक दिसते, तीच सांगते की इथे पाणी आहे, इथे तेल सांडलंय. उतारावर सायकलस्वाराला ती चमक हवी असते. काही सायकलवाले म्हणूनच पोलराइज्ड टाळतात. क्रिकेटच्या मैदानात तर गवताला चकाकीच किती असणार? तिथे तिचा उपयोग नावापुरता. त्यामुळे तिच्यासाठी मुद्दाम जास्त पैसे मोजू नका. पण पुढे सांगते तशी काच पोलराइज्डमध्येच मिळत असेल, तर नको म्हणून परतही येऊ नका. (विकत घेताना खरी आहे ना हे बघायला एखादा मोबाइलचा स्क्रीन काचेतून बघा आणि गॉगल फिरवा. एका कोनात स्क्रीन काळा पडला तर खरी.)

काच कशाची, हा तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि नेमका तोच तुम्ही विचारला नाहीत. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. तो खनिज काचेच्या गॉगलवर बसला तर काय होईल ते लिहीत नाही. साध्या प्लॅस्टिकची काच, आमच्या धंद्यात सीआर-३९, ती त्याहून बरी पण जोराच्या आघाताने तीही फुटते. पॉलीकार्बोनेट किंवा त्यासारखंच चिवट ट्रायव्हेक्स या दोनच गोष्टी खेळायला लावाव्यात. पॉलीकार्बोनेटवर साधा टिंट, म्हणजे रंग, नीट बसत नाही, म्हणून दुकानदार तुम्हाला गोड बोलून सीआर-३९ देऊ बघेल, ‘साहेब, सेमच आहे.’ सेम नाही. ट्रायव्हेक्सवर टिंट बसतो, किंवा पॉलीकार्बोनेट आधीच रंगवलेलं मागवता येतं, बरेचदा ते पोलराइज्ड असतं. चार दिवस थांबा. बिलावर काचेचं नाव, यूव्ही ४०० (म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवते) आणि कॅटेगरी लिहून घ्या.

आणि हे सगळं क्षेत्ररक्षणापुरतं. फलंदाजीला जाळीचं हेल्मेट. गॉगल म्हणजे चिलखत नव्हे. सिली पॉइंटला उभे राहत असाल तर तिथेही हेल्मेटच, मग कर्णधार काहीही म्हणो.

रंग तपकिरी घ्या. करडी काच रंग जसेच्या तसे दाखवते, सिग्नलला वगैरे उत्तम. पण तपकिरी काच निळा उजेड कापते, आकाश गडद होतं आणि त्यावर उंच उडालेला चेंडू उठून दिसतो. रस्त्यावरच्या खड्ड्याची कडही जरा ठसठशीत दिसते. काचेवर आरशासारखा चमकणारा निळा-जांभळा थर हा हौसेचा मामला. आणि ‘नाइट व्हिजन’ म्हणून पिवळी काच कुणी गळ्यात मारत असेल तर हात जोडा. रात्री कमी उजेडात आणखी उजेड कापून कुणाला जास्त दिसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता नऊ हजारांचा तो खेळाचा गॉगल. कानापर्यंत वळलेला असणार, टीव्हीवर दिसतो तसला. बिननंबरच्या माणसाला उत्तम. पण इतक्या वळलेल्या फ्रेममध्ये नंबर बसवला की कडेला जग तिरकं होतं, पायरी उतरताना पाय कुठे टाकावा कळत नाही. त्यासाठी खास हिशेब करून घासलेल्या काचा मिळतात, त्याचे आणखी पैसे. तुमच्या नंबरला मधला मार्ग आहे. दुकानात ‘सहाच्या बेस कर्व्हची फ्रेम’ म्हणून मागा, बेस कर्व्ह म्हणजे काचेच्या वळणाचा आकडा. चष्म्याच्या फ्रेमपेक्षा जास्त वळलेली, पण त्या कानापर्यंत वळलेल्या रॅप गॉगलइतकी नाही; बाजूही झाकते आणि तुमचा नंबर सुखाने बसतो. सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतला जादा नंबर, थोडाच आहे, अडचण येऊ नये. पहिले दोन दिवस जमीन जराशी वाकडी वाटेल, तेव्हा घरातच वापरा.

कॉन्टॅक्ट लेन्स लावून वर कुठलाही बिननंबरचा गॉगल, हाही रस्ता आहे, आणि दुसऱ्या कुणाला मी तोच आधी सांगितला असता. पण लाल डोळा, रोजची धूळ आणि ते पिवळट यांचा निकाल लागेपर्यंत तुम्ही लेन्सच्या वाटेला जाऊ नका.

फ्रेम बघायला जाताना हेल्मेट घेऊन जा. दुकानातली मुलगी हसेल, हसू दे. जाड, कानामागे गोल वळलेल्या काड्या हेल्मेटखाली कानशिलं दाबतात आणि वीस मिनिटांत डोकं ठणकायला लागतं. बारीक, सरळ काडी हेल्मेटमध्ये सहज सरकते. नाकावर रबरी पॅड हवा आणि तो वाकवता येणारा हवा, कारण बाहेरच्या कंपन्यांच्या कित्येक फ्रेमी उंच नाकांसाठी घडवलेल्या असतात. आपल्या नाकावर त्या घसरतात, मग गालावर टेकतात. लावून खाली वाका, बुटाची नाडी बांधल्यासारखं करा, मान जोरात हलवा, आणि मोठ्याने हसा. हसताना गाल वर येऊन फ्रेम उचलली गेली तर दुसरी बघा. इतकं करूनही वजन नाकावर जाणवत असेल तर ब्रँड कितीही मोठा असो, नाकापेक्षा मोती जड.

राहता राहिला एक की दोनचा प्रश्न. एकच घ्या. सहाच्या वळणाचा, पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सचा, तपकिरी, कॅटेगरी ३, तुमच्या नंबरचा. कोरेगाव, यवतेश्वर आणि मैदान, तिन्हीकडे तोच. नऊ हजारांच्या बऱ्याच अलीकडे काम व्हायला हवं, कारण तिथे निम्मे पैसे काडीवरच्या नावाचे होते. पण रोजचा पांढरा चष्मा नेहमी सोबत ठेवा, खिशात नव्हे, कडक डबीत. पहाटे अंधारात घाट चढताना आणि संध्याकाळी उशीर झाला की तो लागेल, आणि काळ्या काचेतून अंधारात गाडी चालवायची नाही. पुढच्या वेळी त्या चष्म्यालाही पॉलीकार्बोनेट घाला, म्हणजे ढगाळ दिवशी काळी काच नको वाटली तरी अतिनील किरणांची सोय राहील. ते ढगांतूनही येतात. नंबर मात्र आधी नव्याने तपासून घ्या. ४१ म्हणजे चाळिशी दारात उभी आहे. मोबाइल लांब धरायला लागला असाल तर तेही सांगा.

लग्नाचं म्हणाल, तर मधल्या वळणाची काळी किंवा कासवरंगी फ्रेम कुर्त्यावर चांगली दिसते. सौंना सोबत न्या, म्हणजे नंतर ऐकून घ्यावं लागणार नाही.

निगा फार नाही. धुळीने भरलेली काच शर्टाच्या टोकाने कोरडी पुसली की ओरखडे आलेच. आधी नळाखाली धरा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवा, धुवा, मग मऊ फडक्याने टिपा. मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वरचा थर तडकतो. टोपीवर उलटा खोचून मैदानात हिंडायची पद्धत मला आवडते, पण झेल घ्यायला धावताना पहिला तोच पडतो. पाच-पन्नास रुपयांची दोरी लावून टाका.

जुना दोनशेचा गॉगल फेकू नका. रंगपंचमीला डोळे झाकायला त्यासारखा नाही. फक्त त्या दिवशी मोटरसायकल दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.